आपल्या खात्यातला पोरगा

जॉन्सनव्हिलचे नामदेव आप्पा जगताप हे न्यूझीलंडमधले अमेरिकन फुटबॉलचे सर्वांत अधिकारी जाणकार आहेत. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे. चेंडू कोणाकडे आहे, हे त्यांना सहा वर्षांत एकदाही कळलेलं नाही.

जाणून घ्यायची त्यांना इच्छाही नव्हती. मैदानावर बावीस माणसं एकमेकांवर आदळत असताना आप्पा फक्त एकाकडे पाहायचे. पाठीवर अडुसष्ट नंबर, वजन एकशे चाळीस किलो, आणि चेंडूला हात लावायची त्याला जवळजवळ बंदी. गुण कोणाचे झाले असं मी विचारलं की आप्पा म्हणायचे, "ते तुम्ही बगा साहेब. तुम्ही ऑफिसातले."

मी वेलिंग्टनच्या एका सरकारी कचेरीत अहवाल लिहितो. आप्पा वीज मंडळाचे निवृत्त लाइनमन. चौतीस वर्षं फलटणच्या आसपासच्या खांबांवर काढलेली. जगात दोनच प्रकारची माणसं असतात, चढणारी आणि ऑफिसातली, अशी त्यांनी माझी व्यवस्था पहिल्याच भेटीत लावून टाकली होती. बायको गेल्यावर त्यांच्या मुलीने, शिल्पाने, त्यांना इकडे आणलं. शिल्पाचं घर माझ्या उजवीकडे. तिच्याही पलीकडे मेले नावाच्या टोंगन बाई राहतात.

या नावाने पहिल्याच आठवड्यात घोटाळा केला. मेलेबाई नव्या शेजाऱ्याची चौकशी करायला केक घेऊन आल्या, नाव सांगितलं आणि कुंपणापाशी थांबल्या. आप्पांनी शिल्पाला कामावर फोन लावला आणि म्हणाले, "अगं, शेजारी मेले हायत." शिल्पा मीटिंग सोडून धावत घरी आली. येऊन पाहते तर शेजारी केक कापत होते.

"जित्या माणसाला मेले म्हणून हाक कशी मारायची?" आप्पा मला म्हणाले. "वरून केक आणलाय." त्या दिवसापासून त्यांनी बाईंचं नाव मालतीबाई ठेवलं. बाईंना ते आवडलं. आता चर्चमधल्या दोन मैत्रिणीही त्यांना मालती म्हणतात.

मालतीबाईंनी त्याच भेटीत मुलाचा, तेविताचा, फोटो दाखवला होता. दरवाजाच्या चौकटीत मावत नसलेला एक हसरा माणूस. "माय सन. अमेरिका. लाइनमन."

आप्पांनी चष्मा पुसून फोटो पुन्हा पाहिला. फलटण सोडून बारा हजार किलोमीटर यावं आणि कुंपणापलीकडे खात्यातलंच घर निघावं, याचा त्यांना फार आनंद झाला. लाइन किती हजार व्होल्टची, हा कामाचा प्रश्न त्यांनी विचारला, "किती केव्ही?"

बाईंना केजी ऐकू आलं. "वन फॉर्टी," त्या अभिमानाने म्हणाल्या.

"एकशे बत्तीसची लाइन असणार," आप्पांनी मला नंतर समजावलं. "घरच्यांना आकडा नीट सांगता येत न्हाय. पण एकशे बत्तीसवर पोरगं चढतंय म्हणजे खायचं काम न्हाय."

बाईंनी पुढे 'ऑफेन्सिव्ह' असाही एक शब्द जोडला होता. शिल्पाने त्याचा अर्थ आक्षेपार्ह असा सांगितला. आप्पांना त्यात वावगं वाटलं नाही. "आमच्यात पण होते तसले. खांबावर चढले की तोंडाचा पट्टा सुरू. पण काम सोन्यासारखं." फलटणच्या निवृत्त लाइनमन मंडळींच्या ग्रुपवर त्यांनी लगेच कळवून टाकलं की शेजारचा पोरगा आपल्याच खात्यातला आहे, अमेरिकेत हाय टेन्शनवर आहे, आणि जरा शिवराळ आहे.

खरी गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आलं: तेविता अमेरिकन फुटबॉल खेळतो, आणि त्या खेळातही 'लाइनमन' असतात. अमेरिकेत रविवारची दुपार असते तेव्हा इकडे वेलिंग्टनला सोमवारची सकाळ असते. सोमवारी मी घरून काम करतो, म्हणजे आप्पांकडे जाऊन बसतो. मी सामना लावला. आप्पा खुर्ची पुढे ओढून पडद्याजवळ बसले. मग मैदानाच्या टोकाला असलेल्या गोलाच्या खांबाकडे बोट दाखवून म्हणाले, "ट्रान्सफॉर्मरची डीपी उभी केलीय. तारा वढायच्या राहिल्यात."

मी त्यांना खेळ समजावून सांगितला. चेंडू असलेल्या, म्हणजे 'ऑफेन्सिव्ह', बाजूचे पाच जण ओळीने उभे राहतात. त्यांच्या मागे एक देखणा माणूस चेंडू घेऊन विचार करत असतो. समोरून येणारे त्याला आडवा करायला धावतात, आणि या पाचांनी त्यांना अडवायचं. धरायचं नाही, नुसतं रेटायचं. धरलं तर दंड. चेंडू त्यांना मिळत नाही. टाळ्या देखण्याला. या पाचांपैकी कोणाचं नाव मैदानात पुकारलं गेलं, तर समजावं की त्याची चूक झाली.

आप्पांनी हे सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे लाइनमनच की," ते म्हणाले. "आमचं नाव लोक कवा काढायचे? लाइट गेल्यावर. लाइट हाय तवर कोण इचारतंय."

माझी चूक दुरुस्त झाल्यासारखं मला वाटलं. फलटणच्या ग्रुपवर कोणताही खुलासा गेला नाही.

सामना बघायची आप्पांची पद्धत त्यांच्या कामातून आलेली होती. प्रत्येक झटापटीनंतर माणसांचा ढीग व्हायचा. ढीग सुटू लागला की आप्पा बोटांवर मोजायचे. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचही उभे दिसले की चहाचा घोट. दिसले नाहीत तोवर कप हातातच. मी एकदा कारण विचारलं.

"काम झालं की खाली उतरलेली माणसं मोजायची. पुरी भरली की मगच लाइन चालू करा म्हणून सांगायचं," ते म्हणाले. "घाईनं मोजणारा माणूस आमच्यात कोण ठेवून घेत नव्हतं."

ही मोजणी स्वतःसाठी नव्हती. मालतीबाई मुलाचा एकही सामना बघायच्या नाहीत. तेविता जॉन्सनव्हिलच्या मैदानावर रग्बी खेळत होता तेव्हापासून त्यांचा हा नियम. अंगावर माणसं पडलेला आपला मुलगा त्यांना बघवत नसे. सोमवारी सकाळी त्या गमबूट घालून परसात जायच्या आणि सिल्व्हरबीटच्या, म्हणजे पालकासारख्या भाजीच्या, वाफ्यातलं नसलेलं तण काढत बसायच्या. दर पंधरा-वीस मिनिटांनी आप्पा जँडल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला, पायात सरकवून कुंपणापाशी जायचे आणि एकच शब्द बोलायचे.

"स्टँडिंग."

"थँक यू, आपा," बाई म्हणायच्या आणि पुढच्या रोपाकडे वळायच्या.

सहा मोसम हे चाललं. आप्पांना त्या पोराचा किती अभिमान होता, हे मला आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात कळलं. तिथे एक कार्यक्रम असतो. त्यात यशस्वी मुलांचे पालक माइकवर येतात आणि मुलांचं यश संक्षेपात सांगायचं ठरवून सांगत बसतात. त्या वर्षी एकाचा मुलगा ऑकलंडमध्ये बँकेत होता, एकीची मुलगी डेटामध्ये काहीतरी फार मोठं करत होती. अध्यक्षांनी ज्येष्ठ म्हणून आप्पांनाही बोलावलं. आप्पा म्हणाले, "आमच्या शेजारचा पोरगा लाइनमन हाय. अजून एकदाबी त्याच्यामुळं लाइट गेली न्हाय." आणि खाली बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही, यावर सभागृहात एकमत झालं नाही.

मग तो सोमवार आला. मी कचेरीची मीटिंग आवाज बंद करून मांडीवर ठेवली होती. सामन्याच्या तिसऱ्या भागात एक झटापट झाली, ढीग पडला, ढीग सुटला. आप्पांचं बोट हलू लागलं. एक, दोन, तीन, चार.

बोट तिथेच थांबलं.

पडद्यावर अडुसष्ट नंबर गवतावर उताणा होता. गुडघा हातांनी धरलेला. डॉक्टर धावत होते. देखणा माणूस हेल्मेट काढून कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याच्या अंगाला माती लागलेली नव्हती.

मी खिडकीतून पाहिलं. मालतीबाई वाफ्यात सरळ उभ्या राहिल्या होत्या. आप्पा नेहमीच्या वेळी आले नव्हते, तेवढं त्यांना पुरे होतं.

"मी जाऊन सांगतो," मी म्हणालो. "फार लागलं नसेल असं सांगू."

"तुम्हाला काय म्हाईत?" आप्पा म्हणाले. "बसा."

ते गेले. दार उघडं होतं, त्यामुळे मला ऐकू आलं. "मालतीबाई. फोर," आप्पा म्हणाले. मग, "यू कम. वुई काउंट टुगेदर."

बाई चिखलाच्या गमबुटांसकट आत आल्या आणि शिल्पाच्या पांढऱ्या गालिच्यावरून चालत सोफ्यावर बसल्या. मुलगा अमेरिकेला गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी त्याला खेळाच्या कपड्यांत पाहिलं, आणि तेही गवतावर पडलेलं. आप्पा बाजूला बसले. कोणी कोणाचा हात धरला नाही. दोघांचे डोळे पडद्यावर. मध्येच गाडीची जाहिरात लागली, तीही दोघांनी डोळे न हलवता पाहिली.

जाहिरात संपली. दोन माणसांनी तेविताला उठवलं होतं. त्यांच्या खांद्यांवर हात टाकून तो एका पायावर उभा होता.

"फाइव्ह," आप्पा म्हणाले.

"फाइव्ह," बाई म्हणाल्या. मग त्या पुढे म्हणाल्या, "केस कापायला हवेत त्याने."

तेविताचा तो शेवटचा सामना ठरला. गुडघा शिवला, पण खेळण्याजोगा झाला नाही. पुढच्या हिवाळ्यात तो घरी परत आला. त्याच्या कारकिर्दीचा गौरव कोणत्याही वर्तमानपत्रात आला नाही, कारण त्याची काहीच चूक झाली नव्हती. मालतीबाईंनी जेवण ठेवलं, आम्हाला बोलावलं. तेविता वाकून दारातून आत आला आणि आप्पांपुढे उभा राहिला. आप्पा त्याच्या तिसऱ्या बरगडीपर्यंत आले.

"किआ ओरा, अंकल," त्याने इकडचा माओरी नमस्कार केला. "माझी मम सांगते, तुम्हीही लाइनमन."

"थर्टी फोर इयर्स."

"कधी डाउन झालात?" त्याला म्हणायचं होतं, जायबंदी.

"डेली," आप्पा म्हणाले. "मॉर्निंग अप, इव्हिनिंग डाउन."

तेविता एवढा हसला की टेबलावरचे ग्लास वाजले. मग म्हणाला, "नऊ वर्षं खेळलो. मला कोणी बघत असेल असं कधी वाटलं नव्हतं. सगळे चेंडू बघतात."

मी भाषांतर केलं. आप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. मग मराठीत, मला उद्देशून बोलल्यासारखं, म्हणाले, "मी खांबावर असलो की आमची घरची कदी बगायला यायची न्हाय. या बाईसारखीच. दारात तांदूळ निवडत बसायची आणि रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला इचारायची, उतरले का. कोणतरी सांगायचं, उतरले. मग चूल पेटवायची." ते पाणी प्यायले. "आता कोण इचारत न्हाय. आता चढतोय तरी कुटं म्हना."

शेवटची दोन वाक्यं मी इंग्रजीत केली नाहीत. मालतीबाईंनी विचारलं, "तो शब्द काय होता? बायको विचारायची तो?"

"उतरले का," मी म्हणालो.

"उतार्ले का," बाईंनी दोनदा म्हणून पाहिलं.

त्यानंतरची गोष्ट एवढीच. आप्पांनी शिडीला हात लावायचा नाही, असा शिल्पाचा कडक नियम आहे. वेलिंग्टनच्या वाऱ्यात तो योग्यही आहे. पण शिल्पा कामावर गेली की मागच्या दारावरचा दिवा हल्ली वारंवार जातो. आप्पा शिडी काढतात. मी धरायला गेलो तर म्हणतात, "तुम्ही ऑफिसातले, लांब थांबा." वर चढतात, बल्ब काढतात, नवा बसवतात, आणि गरजेपेक्षा बराच वेळ वरच थांबतात. थोड्या वेळाने कुंपणापलीकडून, सिल्व्हरबीटच्या वाफ्यातून, मान वर न करता बाई विचारतात, "आपा, उतार्ले का?"

"उतरलो," आप्पा म्हणतात, आणि मग उतरतात.

गेल्या आठवड्यात त्यांनी टाकून दिलेला बल्ब मी कचऱ्याच्या डब्यातून उचलला आणि घरी येऊन लावून पाहिला. चालू होता. आधीचे चारही चालू होते.