सगुणा साळिंदर आभाळटोकावर जाते

बाळांनो, एका जंगलात एक कडा होता. खरं म्हणजे कड्याच्या पायथ्याशी जंगल होतं. पण जंगलातले सगळे त्याला ‘आमचा कडा’ म्हणत. नाव त्याचं आभाळटोक. वर उभं राहिलं की नदीचं पुढचं वळण दिसतं, पलीकडचं जंगल दिसतं, आणि हवा स्वच्छ असली तर समुद्राची रेघही दिसते, असं म्हणत. म्हणणारे पुष्कळ होते. गेलेलं कोणी नव्हतं.

वाट होती, पण उभी. आधी कारवीचं रान, मग सुट्या धोंड्यांची घसरण आणि शेवटी सरळसोट कातळ. सकाळी निघावं, संध्याकाळी घरी यावं, एवढंच काय ते अंतर.

त्या जंगलात सगुणा नावाची एक साळिंदर राहायची. तिचे यजमान दर हिवाळ्यात म्हणायचे, “पुढच्या हिवाळ्यात नक्की जाऊ.” असं म्हणता म्हणता एका हिवाळ्यात ते स्वतःच गेले. पिल्लं मोठी होऊन आपापल्या बिळांत राहायला गेली. सगुणाचे गुडघे चालताना कुरकुरू लागले. तेव्हा तिच्या मनात आलं, की या हिवाळ्यात गेलो नाही तर आपणही नुसत्या म्हणणाऱ्यांतच राहू.

एका सकाळी पाणवठ्यावर ती म्हणाली, “मी उद्या आभाळटोकावर जाणार आहे. कोणी येतंय का?”

इथे तिचं चुकलं. ज्याला जायचं असतं त्याने विचारू नये.

सगळेच तयार झाले. पण कोल्हेसाहेब पुढे आले आणि म्हणाले, “उद्या? असं कसं उद्या? डोंगर म्हणजे काय बोरं वेचणं आहे? नियोजन लागतं त्याला.”

“आपण वर जाऊन आला आहात का?” सगुणाने आदराने विचारलं.

“जाऊन काय कळतं? मी अभ्यास केला आहे.”

सगळ्यांच्या माना डोलल्या. लगेच आभाळटोक आरोहण समिती स्थापन झाली. कोल्हेसाहेब अध्यक्ष झाले. सगुणाला कल्पना सुचली होती, म्हणून तिचे आभार मानून तिला मागच्या रांगेत बसवलं.

निरोप झटपट पोचावेत म्हणून पोपटांचा एक गट केला. एका पोपटाने काही म्हटलं की बाकीचे सगळे तेच म्हणत. ‘नक्की कधी निघायचं?’ असा निरोप सगुणाने पाठवला. उत्तरादाखल रोज सकाळी तिच्या बिळापाशी फुलं येऊ लागली. प्रत्येक फुलासोबत ‘सुप्रभात’. कधी निघायचं ते काही येईना.

मग सराव ठरला. अस्वलअण्णा म्हणाले, आधी वारुळावर चढून बघू. चढायच्या आधीच त्यांनी ते वारूळ खाल्लं, त्यामुळे सराव संपला. मोराला माहिती हवी होती, की वर ऊन कोणत्या बाजूने पडतं आणि पिसारा कुठे तोंड करून फुलवायचा. ससेताईंना काळजी होती, धुकं आलं तर? वाघ आला तर? आणि एवढं चढून वर बघण्यासारखं काहीच नसलं तर?

इकडे थंडी सरत चालली. दुपारचा कातळ तापू लागला. आणखी थोडे दिवस गेले असते तर त्यावर पाय ठेवता आला नसता. सगुणा रोज कड्याकडे बघायची आणि बैठकीला जाऊन बसायची.

एका सकाळी बैठकीत जेवणाचा विषय निघाला. अण्णांना मध हवा होता. ससेताईंना कोवळी हरळी हवी होती. कोल्हेसाहेब म्हणाले, “माझं काही नाही. वाटेत जे मिळेल ते मी खाईन.” आणि त्यांनी सहज ससेताईंकडे पाहिलं. ससेताईंनी प्रकृतीच्या कारणास्तव नाव मागे घेतलं. मग रिकाम्या झालेल्या जागेवर चर्चा सुरू झाली.

सगुणा उठली. “जरा पाय मोकळे करून येते,” ती म्हणाली. कोणी वर पाहिलं नाही.

करवंदीच्या जाळीमागे महिपत रानडुक्कर झोपला होता. तो समितीचा सभासद होता, पण सगळ्या बैठका त्याने तिथेच काढल्या होत्या. सगुणाच्या काट्यांच्या खळखळाटाने त्याला जाग आली.

“निघाले का?” त्याने विचारलं.

“निघाले,” सगुणा म्हणाली.

आपल्या भाषेत ही एक सोय आहे, बाळांनो. महिपतला वाटलं, सगळे निघाले. तोही तिच्या मागे चालू लागला.

कारवीतून बाहेर पडल्यावर त्याने मागे पाहिलं. “वहिनी, बाकीचे दिसत नाहीत.”

“मागे आहेत.”

“फार मागे आहेत का?”

“बरेच,” सगुणा म्हणाली. आणि ते खरंच होतं.

घसरणीवर पायाखालचे धोंडे सुटत होते. दोघं थांबत थांबत, धापा टाकत चढली. शेवटी कातळ आला. महिपतने तो खालून वरपर्यंत पाहिला आणि फतकल मारली.

“माझ्याच्याने व्हायचं नाही. तुम्ही जा वहिनी, मी इथेच थांबतो.”

सगुणाला क्षणभर वाटलं, जावं. इतके हिवाळे वाट पाहिली होती. पण मग वाटलं, वर काही दिसलं तर ‘ते बघा’ असं म्हणायचं कोणाला?

“भावजी, उठा,” ती म्हणाली. “मी मागून रेटते.”

महिपतने वळून पाहिलं. कातळाच्या भीतीने सगुणाच्या अंगावरचा प्रत्येक काटा ताठ उभा होता. तो ताडकन उठला आणि सरसर वर गेला. आपण चढलो हे त्याला वर पोचल्यावर कळलं.

आता खाली सगुणा एकटी होती. तिने एक पाय कातळावर ठेवला आणि परत खाली घेतला.

“डावा पाय त्या भेगेत घाला,” महिपत वरून म्हणाला. “खाली बघू नका. माझ्याकडे बघा. बघण्यासारखा नाही, पण बघा.”

ती हसली. हसता हसता वर आली.

वर वारा होता. नदीचं वळण होतं, पलीकडचं जंगल होतं. आणि अगदी टोकाला, आभाळ संपतं तिथे, काहीतरी चकाकत होतं.

“ते बघा,” सगुणा म्हणाली. “समुद्र आहे की ढग?”

“समुद्रच,” महिपत म्हणाला. त्याला लांबचं फारसं दिसत नसे.

दोघांनी वाटेत वेचलेली बोरं खाल्ली. खाली पाणवठ्याशी बारीक ठिपके दिसत होते. ती समिती होती.

संध्याकाळी दोघं खरचटलेली, धुळीने माखलेली परत आली, तेव्हा बैठक चालूच होती.

“आम्ही जाऊन आलो,” सगुणा म्हणाली.

कोल्हेसाहेबांनी घसा साफ केला. “समितीच्या मंजुरीशिवाय गेलात. तेव्हा हे जाणं धरता येणार नाही. तरी अनुभवी म्हणून एखादी सूचना करायची असेल तर करा.”

“लवकर निघावं,” सगुणा म्हणाली.

“उत्तम सूचना,” कोल्हेसाहेब म्हणाले. “लवकर म्हणजे नेमकं कधी, यासाठी परवा बैठक घेऊ.” ठराव एकमताने मंजूर झाला.

घरी जाताना महिपत म्हणाला, “वहिनी, नदीपलीकडेही एक डोंगर आहे म्हणे. कधी जायचं?”

“परवा,” सगुणा म्हणाली. “सगळे बैठकीला असतील. वाट मोकळी मिळेल.”

तात्पर्य : नियोजन काटेकोर करावं, समित्या भरपूर नेमाव्यात आणि बैठका कधीही चुकवू नयेत. त्यामुळे डोंगरावर गर्दी होत नाही.