ओरिक्स-दर्शन मोहीम, बिर्याणीसकट

निसर्गाच्या सान्निध्यात माणसाने एकट्याने कधीही जाऊ नये. गेल्यास निसर्ग दिसण्याचा धोका संभवतो. हा धोका टाळण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे ग्रूपने जाणे. ग्रूप जितका मोठा तितका धोका कमी, आणि ग्रूपला अध्यक्ष असेल तर धोका जवळजवळ नाहीसाच होतो.

मस्कतमधल्या 'सह्यकडा रायडर्स' या संस्थेला अध्यक्ष तर होताच, वर कार्याध्यक्ष, दोन उपाध्यक्ष आणि एक शिट्टीही होती. शिट्टी अध्यक्ष जनार्दन यांच्या गळ्यात असे. जनार्दन रुवीतल्या एका कंपनीत हिशेब बघत आणि शुक्रवारी काळं जॅकेट घालून जगाकडे तुच्छतेने बघत. दोन हजार सोळाच्या फेब्रुवारीत त्यांनी जाहीर केलं की संस्था मोटरसायकलींवरून वाळवंट ओलांडून हैमाच्या पलीकडच्या अभयारण्यात जाईल व ओरिक्स नावाच्या पांढऱ्या हरणाचं दर्शन घेईल. दहा मोटरसायकली, वीस माणसं, मागून एक पिकअप. पिकअपमध्ये पाणी, गाद्या, शाली, नारळ आणि सर्वांचे मोबाईल चार्जिंगला. (हरणासाठी दुर्बीण घ्यावी अशी एक सूचना आली होती. ती पुढील बैठकीपर्यंत राखून ठेवण्यात आली.)

या वीस जणांत दयानंदचं नाव विसावं होतं. दयानंद एसीचा मेकॅनिक. गाव संगमेश्वराकडचं, बिऱ्हाड दार्सैतला, भागीदारीतल्या खोलीत. एकोणीस वर्षं त्याने ओमानमधल्या लोकांना गार हवा पुरवली आणि स्वतः मात्र गच्चीवर उन्हात उभा राहिला. तेलाचा भाव पडला तसा कंपनीने त्याला निरोप दिला. पुढच्या महिन्यात कायमचं घरी. मोटरसायकल त्याच्याकडे नव्हती. तो रत्नागिरीच्या मुनीरच्या मागे बसणार होता. मुनीरचं रुवीत स्पेअर पार्टचं दुकान होतं आणि अन्न टाकलेलं त्याला सहन होत नसे. ही माहिती पुढे लागेल.

आता, या माणसाला हरणाचं काय एवढं पडलं होतं? तर गावी त्याची आई होती, गंगुबाई. दर शुक्रवारी फोनवर ती एकच विचारायची.

"दया, थयसर बघन्यासारखा काय हाय रं?"

"काय नाय गो आये. वाळू."

"वाळू तर आपल्या खाडीवर पन हाय. त्याच्यापायी येवढ्या लांब गेलास व्हय?"

एकोणीस वर्षं हे चाललं होतं. म्हातारीला पैसे पोचत होते, साबण पोचत होते, कांबळीसुद्धा पोचली. पण 'मी हे बघितलं' असं सांगायला दयानंदकडे एक गोष्ट नव्हती. घर ते गच्ची आणि गच्ची ते घर, यात सांगणार काय, कपाळ? परत जायच्या आधी एक तरी गोष्ट डोळ्यांत घेऊन जायची, आणि आईसमोर बसून ती सांगायची, एवढंच त्याला हवं होतं.

मोहिमेचा आरंभ दार्सैतला कृष्णमंदिराजवळ पहाटे होणार होता. तो झाला, मात्र ऊन डोक्यावर आल्यावर. प्रमुख पाहुणे उशिरा आले, पहिला नारळ नासका निघाला, दुसरा फुटेना, आणि मग जनार्दन बोलायला उभे राहिले. नमनालाच घडाभर तेल. त्यांनी वाळवंटाचं महत्त्व, शिस्तीचं महत्त्व आणि जॅकेटचं महत्त्व सांगितलं. नंतर नियम वाचले. प्रत्येकाने नजर पुढच्याच्या लाल दिव्यावर ठेवावी, डावीकडे-उजवीकडे बघू नये. निसर्ग बघायचा झाल्यास शिट्टी वाजेल. प्रत्येक पेट्रोल पंपावर 'गणपती बाप्पा मोरया' होईल. (झालाही. तिसऱ्या पंपावरच्या केरळी पोऱ्याने हातातली नळी न हलवता 'मोरया' म्हटलं. त्याच्याकडे असे ग्रूप नेहमी येत असावेत.)

अदम गाव मागे पडलं आणि पुढे दिवसभर सपाट, पांढुरकी जमीन आकाशाला जाऊन टेकलेली. ती कुणीही पाहिली नाही. जनार्दन यांच्या हेल्मेटवर कॅमेरा होता खरा, पण तो चुकून आतल्या बाजूला वळलेला होता. त्यामुळे वाळवंटाच्या चित्रीकरणात सहा तास जनार्दन यांच्या मिशा आहेत. संस्थेच्या वार्षिक सभेत ते चित्रीकरण संपूर्ण दाखवण्यात आलं व त्याला टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी, कच्च्या रस्त्यावर कंबरेचा खुळखुळा होत, मोहीम दुपारी अभयारण्याच्या फाटकाशी पोचली. ओरिक्स आत होतं. कार्यक्रमपत्रिकेत 'हरीण-दर्शन, पंधरा मिनिटे' असं स्पष्ट होतं. परंतु आधी पोटोबा, मग विठोबा, हे सह्यकडाचं धोरण आहे. हैमाहून बांधून आणलेली बिर्याणी उघडण्यात आली.

इथे संस्थेची हजेरीपद्धत समजून घेतली पाहिजे. नावं पुकारून हजेरी घेतली की लोक खोटं 'हजर' म्हणतात, हे जनार्दन यांनी हेरलं होतं. म्हणून हजेरी बिर्याणीच्या पार्सलांवर घेतली जाई. माणसं वीस, पार्सलं वीस. सगळी रिकामी झाली म्हणजे सगळे हजर. बिर्याणी खोटं बोलत नाही, असं ते म्हणत, आणि त्यात तथ्य आहे.

जेवणानंतर पिकअपच्या ड्रायव्हरचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार सुरू झाला. मग उपाध्यक्षांनी आभार मानले, मग दुसऱ्या उपाध्यक्षांनी पहिल्यांचे आभार मानले. दयानंदने घड्याळ बघितलं. पंधरा मिनिटांमधली बारा आभारात गेली होती.  त्याने आपलं न उघडलेलं पार्सल मुनीरकडे दिलं.

"मुनीर, ठेव जरा. मी आलोच."

"जा जा. काळजी नको करू," मुनीर म्हणाला.

फाटकावर एक म्हातारा ओमानी रक्षक बसला होता. दयानंदचं अरबी चार शब्दांचं होतं. तो म्हणाला, "अर्बाब..." (म्हणजे मालक) आणि डोक्यावर दोन बोटं उभी धरली. रक्षक हसला. आधी कॉफी दिली, मग खजूर दिला, मग "यल्ला" म्हणून त्याला आपल्या गाडीत घातलं.

थोडं आत गेल्यावर एका काटेरी झाडाच्या सावलीत ते उभं होतं. पांढरंशुभ्र. पाय तेवढे काळपट, चिखलातून आल्यासारखे. लांब, सरळ शिंगं. ते वळलं तेव्हा दोन शिंगांचं एकच दिसायला लागलं. रक्षकाने इंजिन बंद केलं. ओरिक्सने दयानंदकडे बघितलं आणि जराही घाबरलं नाही. कान तेवढा हलवला. दयानंदला भडभडून आलं, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. 'आये, हे बघ गो,' तो पुटपुटला. कितीतरी वेळ तो तसाच बघत राहिला, आणि त्या सगळ्या वेळात कुणीही शिट्टी वाजवली नाही.

फाटकाशी परत आला तर मैदान साफ. हाडं आणि नारळाची शेंडी. ग्रूप निघून गेला होता.

यात कुणाचीही चूक नव्हती, हे नंतर नेमलेल्या चौकशी समितीने मान्य केलं आहे. दयानंदचं पार्सल थंड होत होतं, ते वाया जाऊ नये म्हणून मुनीरने खाल्लं. जनार्दन यांनी मोजली, वीसच्या वीस रिकामी. मागची सीट मोकळी दिसल्यावर मुनीरला वाटलं, दयाची कंबर गेली असेल, पिकअपमध्ये बसला. पिकअपच्या ड्रायव्हरने शाल पांघरलेली असल्याने मागे बघितलं नाही. हरीण-दर्शन वेळेअभावी रद्द झालं होतं, पण निसर्गाची कृपा बघा, परतीच्या वाटेवर दूर काहीतरी पांढरं हललं. जनार्दन यांनी शिट्टी वाजवली, पिकअपमधून मोबाईल मागवला, झूम केला आणि फोटो काढला. खाली लिहिलं: 'दुर्मिळ ओरिक्स. नजरेला नजर भिडली.' हैमाला पोचेपर्यंत तो जगभर गेला होता.

हैमाला चहा आला आणि एक कप उरला. तोही मुनीरने वाया जाऊ दिला नसता, पण त्याला पित्त आहे, स्वतःचाही त्याने अर्धाच मागितला होता. एक कप जास्त म्हणजे माणूस कमी की हॉटेलवाल्याचा हिशेब चुकला, यावर चर्चा चालू असताना रक्षकाची गाडी दारात थांबली आणि दयानंद उतरला.

"अरे दया! मी समजलो तू पिकअपमधे!" मुनीर रडवेला झाला. "तुझी बिर्याणी पण खाल्ली रे मी."

"खाल्लीस ते बरं केलंस. अरे, मी ओरिक्स बघितलं! जवळून!"

 जनार्दन यांनी कप खाली ठेवला.

"फोटो?"

"मोबाईल तुमच्याच पिकअपमध्ये ना, साहेब. पण डोळ्यांनी बघितलं मी."

"दयानंद, डोळ्यांनी बघितलेलं पाठवणार कसं?"

"हे रक्षकबाबा होते बरोबर. त्यांना विचारा."

रक्षकाने छातीवर हात ठेवून बरंच काही सांगितलं. परंतु ते अरबीत होतं, आणि मंडळात अरबी कुणालाच येत नसल्याने (ओमानमधलं सरासरी वास्तव्य चौदा वर्षं) साक्ष ग्राह्य धरता आली नाही. 'इन्शाल्ला' एवढं कळलं, त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. अखेर ठरलं की संस्थेने ओरिक्स पाहिलं आहे, फोटो आहे, आणि दयानंद संस्थेचा सदस्य असल्याने त्यानेही तेच पाहिलं आहे. फोटो त्याच्या मोबाईलवर पाठवण्यात आला. सह्यकडा कुणाला मागे ठेवत नाही.

महिन्याभराने दयानंद गावी पोचला. संध्याकाळी पडवीत आईसमोर बसला. शेजारपाजारचे चार लोकही जमले होते.

"आये, तू इचारायचीस ना, बघन्यासारखा काय हाय? मी बघलंय. पांढरा हरीन..."

म्हातारी पुढे सरकून ऐकायला लागली. तिने दुसरं काही मागितलं नव्हतं. पण शेजारची सफूरा म्हणाली, "फोटो नाही काय रे?" आणि महिनाभर हाच प्रश्न ऐकून दयानंदचा हात खिशाकडे आपोआप गेला. त्याने तो फोटो आईपुढे धरला.

गंगुबाईंनी मोबाईल हातभर लांब नेला, जवळ आणला.

"दया," त्या म्हणाल्या, "ह्यो बोकड हाय."

पडवीत जो हशा पिकला! म्हातारीच्या तर डोळ्यांना पाणी आलं. "अरे मेल्या, येकोनीस वर्सा गेलास, आनि बोकड बघून आलास?"

"आये, ह्यो नाय! मी बघलंय त्यो येगळा. शिंगा सरळ, उंच..."

"मंग त्येचा फोटू दाव."

 दयानंद उठून विहिरीवर गेला, आणि तिथे एकटाच रडला. गंगुबाईंनी त्याला पुन्हा कधी विचारलं नाही, तिथे काय होतं म्हणून. त्यांना आता माहीत होतं.

तुम्हाला दयानंदची कीव आली असेल. येऊ द्या, चांगल्या माणसाला येतेच. फक्त आता जरा मोबाईल काढा आणि मागे जात जात दोन हजार सोळाच्या फेब्रुवारीपर्यंत या. सापडला बोकड? त्याच्याखाली ज्यांनी अंगठा दिला, 'वा! निसर्गाची किमया!' लिहिलं आणि पुढच्या पाच ग्रूपना पाठवला, त्यांत वरून तिसरं नाव वाचा. तुमचंच आहे.