अवादनाचा दाखला

पेराक राज्यातल्या इपोह शहरातल्या योक लिन या सरकारी कर्मचारी महिलेने आपल्या नऊ वर्षांच्या मुलीसाठी एक जुना, उभा आणि परवडणारा पियानो विकत घेण्याचे ठरवले. त्याला सबळ कारण होते. ही मुलगी, शिन यी, गेली दोन वर्षे जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा पियानो वाजवत होती. कचेरीतल्या रद्द फायली कापून, त्यांवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या रंगवून योक लिननेच तो बनवला होता. घरात आवाज नाही, जागा अडत नाही, म्हणून तिचे तरी समाधान होते. पण शिकवणाऱ्या मिस परेरा उतारवयात फार स्पष्ट बोलू लागल्या होत्या.

"मुलीच्या बोटांत सूर आहे, योक लिन," त्या म्हणाल्या, "पण पुठ्ठ्यातून तो बाहेर यायचा कसा?"

योक लिन परवान्याच्या खिडकीवर बसत असे. बावीस वर्षांच्या नोकरीत शिक्का नसलेल्या कुठल्याही वस्तूवर तिने विश्वास ठेवला नव्हता. नवऱ्यावर होता, तोही लग्नाची रीतसर नोंदणी झाली होती म्हणून.

जुनी वाद्ये विकणाऱ्या अंकल लोह यांच्या गोदामात जपानहून आलेले आणि काही इथलेच, असे साठेक पियानो रांगेत उभे होते. शिन यी थेट कोपऱ्यातल्या एका तपकिरी पियानोपाशी गेली, बसली आणि वाजवू लागली. सामान हलवणारे हमाल हातातली कॉफी तशीच धरून उभे राहिले. किंमतही योक लिनने ठरवलेल्या रकमेच्या आत होती.

"हा छान वाजतो हो, अंकल."

अंकल लोह यांनी इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "वाजणारच. वाजवलाय ना! इथल्याच ताइपिंगच्या एका शाळेतला आहे."

"किती वाजवलाय?"

"तुम्ही सरकारी माणसं, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? चाळीस वर्षं, रोज. आणि एकाने नाही, आंटी. जो येईल त्याने."

योक लिनने मुलीला दंडाला धरून उठवले आणि ओल्या टिश्यूने तिची दहाही बोटे पुसली.

मग अंकल लोह यांनी एक काळाभोर, चकचकीत पियानो दाखवला. त्याच्या अंगावर जुनी वाद्ये विक्रेता संघाचा अवादनाचा दाखला डकवलेला होता. सोबत ओसाकाच्या एका दंतवैद्याचे प्रतिज्ञापत्र होते: 'मला, माझ्या पत्नीस व दोन्ही मुलांस संगीताची आवड नाही, पूर्वी नव्हती व पुढे निर्माण होण्याची शक्यता नाही.' पुराव्यादाखल पियानोवर फुलदाणी ठेवल्याचा फोटो जोडला होता. ज्याचे झाकण वाढदिवसाला उघडले जाई तो पियानो तिसऱ्या श्रेणीचा, ज्याचे धूळ पुसण्यापुरतेच उघडले जाई तो दुसऱ्या. ओसाकात ह्याची तर किल्लीच हरवली होती, नवी आता इथे करून घेतलेली. ही पहिली श्रेणी.

"जरा वाजवून बघू का?" शिन यीने विचारले.

"अगं, असं कसं करतेस? वाजवलास की तो वाजवलेला झाला. मग हा दाखला मी काय माझ्या कपाळावर चिकटवू?"

हे उत्तर ऐकून योक लिनला अगदी घरच्यासारखे वाटले. त्याच सकाळी तिने एका नूडलवाल्याचा अर्ज परत पाठवला होता, कारण परवान्यासाठी गाडी चालू असल्याचा पुरावा हवा होता आणि परवान्याशिवाय गाडी चालू करणे गुन्हा होता.

"दुप्पट किंमत?" नवऱ्याने घरी डोक्याला हात लावला.

"न वाजवलेला आहे तो."

"मग आपलं कपाटही विकायला काढ की. तेही अजून कुणी वाजवलेलं नाही."

योक लिनने त्याच्याकडे लक्ष दिले नाही. पियानो घरात आला. संघाच्या माणसाने झाकणावर कागदी पट्टी चिकटवून मोहोर मारली. मोहोर शाबूत असेपर्यंत पियानोची किंमत वाढत जाणार होती, आणि मोडली की त्याच दिवशी निम्म्यावर येणार होती.

"मम्मी, मग मी कधी वाजवू?"

"वाजवायचाच आहे गं! त्यासाठीच तर घेतलाय. पण इतक्यात कशाला नुकसान करून घ्यायचं?" योक लिनने पुठ्ठा आणून मोहोरबंद झाकणावर पसरला. "ह्यावर वाजव. बघ, आता उंची तरी बरोबर मिळते."

चिनी नववर्षाला नातेवाईक आले. पियानोवर लाल कापड घालून संत्री मांडली होती. सगळ्यांनी त्याचे तोंडभरून कौतुक केले. मिस परेराही आल्या. मुलगी पुठ्ठ्यावर बोटे आपटते आहे, हे त्यांनी दारातूनच पाहिले.

"तुला लाज कशी वाटत नाही, योक लिन?"

"मिस, तुम्हाला नियम ठाऊक नाहीत."

मिस परेरांनी छत्री उचलली आणि त्या पुन्हा आल्या नाहीत.

दोन वर्षांनी तपासणी झाली. संघाचा अधिकारी पांढरे हातमोजे घालून आला. त्याने भिंगातून मोहोर पाहिली आणि फॉर्म उघडला.

"घरात कुणी वाजवतं?"

"नाही."

"कुणाला आवड?"

योक लिन अडखळली. सरकारी नोकरीतल्या बाईला फॉर्मवर खोटे सांगणे जड जात होते. तिने शिन यीकडे पाहिले. मुलगी सोफ्यावर मोबाईल चाळत पडली होती. पुठ्ठा कुठे गेला, हे आता घरात कुणालाच माहीत नव्हते.

"होती," शिन यी मान वर न करता म्हणाली. "गेली."

"मग 'नाही' लिहितो," अधिकारी म्हणाला. "'होती'ला रकाना नाही."

पोरीची बोटे आपण त्या दिवशी गोदामात कशी घासून पुसली, ते योक लिनला आठवले आणि रडू येईल असे वाटले. पण तेवढ्यात 'शिकवणी लावली होती ना?' असे विचारून अधिकाऱ्याने दुसरा, मोठा शिक्का काढला. विशेष श्रेणी: शिकवणी लावूनही न वाजवलेला. संपूर्ण पेराक राज्यात असा हा दुसराच पियानो होता. योक लिनने त्याला चहा विचारला.

विक्रीची जाहिरात रविवारी आली. संध्याकाळपर्यंत एकेचाळीस फोन आले. मोहोर शाबूत आहे ना, दाखला मूळ प्रत आहे ना, परत विकताना किती येतील, मुलगी खरंच नाही ना वाजवत, असे सगळे विचारत होते. त्यांतला एक आवाज मराठी वळणाचा होता. तो तुमचाच. पियानो कसा वाजतो, एवढे सोडून तुम्हीही सगळे विचारलेत.