अकरा मिनिटं पुढे

१२ नोव्हेंबर. काम: लॅपटॉपचं घड्याळ दुरुस्त करणं.

लॅपटॉप भाचीचा, जुना. वेळ चुकीची दाखवायचा, म्हणून मी हातानेच बरोबर लावली होती. तरी आमच्या शाळेची सकाळी अकराची मीटिंग तो आदल्या रात्री साडेनऊला दाखवायचा. मी शाळेच्या ऑफिसात आहे. मीटिंग चुकली तर प्राचार्य लॅपटॉपला नाही, मला बोलतात. शाळेतून आल्यावर शेजारच्या भोयरांना हाक मारली. ते चपला न घालताच आले.

चुकलेलं घड्याळ म्हटलं की भोयरांच्या अंगात येतं. भिलाईच्या स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात, कामगारांची हजेरी लागते त्या खिडकीमागे, त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर खिडकी सुटली, तर त्यांनी सेक्टरमधल्या घड्याळांची हजेरी घ्यायला सुरुवात केली. टीव्हीचा डबा, मायक्रोवेव्ह, लोकांच्या गाड्या, देवळातली लाल आकड्यांची पाटी, कुणाचीच गय नाही. जवळच्या कोहक्यातल्या एका लग्नात त्यांनी भटजींचं मनगट धरलं. "महाराज, तुमचं घड्याळ पुढे पळून राहिलं. मुहूर्ताले अजून चार मिनिटं हायेत." मंडपात कुणाची वाद घालायची हिंमत झाली नाही. अंतरपाट धरणाऱ्या दोघांचे हात भरून आले, नवरी हसू दाबत उभी.

लॅपटॉपवर ते असे वाकले, जसा डॉक्टर पेशंटवर.

"वहिनी, काटे फिरवून काय होते? आधी त्याचं गाव पाहा." सेटिंग उघडून त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. आवाज चढला. "हे पाहा. दिसते तुमच्या टेबलावर, पण बसून हाय अमेरिकेत. तिकडच्या हिशेबानं मीटिंगा सांगून राहिला बिचारा."

गावांच्या यादीतून खाली येत ते 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली' पाशी थांबले.

"भिलाई कावून नाही याच्यात? रूळ आमच्या प्लांटचे अन् नाव यांचं."

गाव बदललं तसं घड्याळ एकदम भलतीकडे उडालं. मग त्यांनी वेळ आपोआप घेण्याचं बटण चालू केलं आणि मीटिंग सकाळी अकरावर येऊन बसली. मलाही इतका आनंद झाला की मी त्यांना चहा विचारला. एरवी काम झाल्यावर भोयर चहाला थांबत नाहीत. कुठेतरी दुसरं घड्याळ चुकलेलं असतं. त्या दिवशी थांबले.

कप खाली ठेवून त्यांनी खिशातून बटणांचा जुना मोबाइल काढला. विमलताईंचा, त्यांच्या बायकोचा. ताईंना जाऊन दोन वर्षं झाली.

"बॅटरी फुगली होती. खुर्सीपारच्या दुकानातून नवी टाकून आणली. चार दिवस झाले. चालू केला तं याच्यात एक जानेवारी अन् बारा वाजून राहिले होते."

"मग लावा की. तुम्हाला काय अवघड आहे?"

"बरोबर टाइम लावता येते हो. याच्यात चुकीचा होता."

आपली फर्स्ट शिफ्ट चुकू नये म्हणून ताई मोबाइलचं घड्याळ पुढे ठेवायच्या, असं त्यांनी खाली पाहत सांगितलं. सेक्टरमधल्या बऱ्याच बायका घरचं घड्याळ तसं ठेवत, त्यात नवल नव्हतं.

"टाइम ऑफिसवाल्याच्या घरात?" मी विचारलं.

"मले माहीत होतं. तिले वाटे, मले माहीत नाही."

"किती पुढे होता?"

"तेच तर. दहा होते का बारा, सांगता येत नाही. मी कधी मोजले नाही, वहिनी. मोजले असते तर दुरुस्त करावं लागलं असतं."

त्यांच्या कपाळावर घाम होता. अख्ख्या सेक्टरला सेकंद सांगणारा माणूस.

"अकरा," मी म्हटलं.

आमच्या आणि त्यांच्या झोपायच्या खोलीची भिंत एकच. ताईंचा अलार्म पाचचा, माझाही पाचचा. त्यांची धून भिंतीपलीकडे वाजायची तेव्हा माझ्या मोबाइलवर चार एकोणपन्नास झालेले असत, आणि माझा मोबाइल भोयरांनीच सेकंदाला लावलेला. ताई गेल्यावरही ती धून रोज वाजत होती. ती वाजली की मी अकरा मिनिटं आणखी पडून राहायचे. गेले चार दिवस मला ती मिनिटं मिळाली नव्हती.

"पक्कं अकरा?"

"पक्कं."

त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. "तुम्ही लावा. मले पाहवत नाही."

सहा वीस झाले होते. मी सहा एकतीस लावले, पाचचा अलार्म टाकला आणि मोबाइल परत दिला. त्यांनी तो न पाहता खिशात ठेवला. जाताना दारातून मात्र म्हणाले, "तुमच्या ओव्हनचं घड्याळ मागे हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडे धून वाजली. मी मोबाइल पाहिला. चार एकोणपन्नास. अकरा मिनिटं पडून राहिले, मग उठून ओव्हनचं घड्याळ बरोबर केलं.