नोटीसवाल्यांना आलेली नोटीस

शुक्रवारपर्यंत पैसे भरा, नाहीतर तुमचा अर्धा हिस्सा कापून वेळेवर भरणाऱ्यांना वाटून टाकू, अशी नोटीस सोमवारी सकाळी नोटीसवाल्यांना आली. खाली सही त्यांचीच होती.

ऑफिसात त्यांना सगळे नोटीसवाले म्हणत. ऑफिस खाजगी फंडाचं. पैसेवाल्यांनी आधी नुसतं रक्कम द्यायचं कबूल करायचं. फंडाने एखादी कंपनी विकत घ्यायची ठरवली, की यांनी सगळ्यांना नोटिसा धाडायच्या आणि लोकांनी मुकाट्याने पैसे भरायचे. अर्ध्या हिश्श्याचं ते कलमही यांनीच मोठ्या हौसेने घातलेलं. पण साहेबांचा दंडक असा, की लोकांचा पैसा जिथे घालता तिथे स्वतःचाही घाला. नोटीसवाल्यांनी भर मीटिंगमध्ये छाती पुढे काढून भलामोठा आकडा सांगून टाकला होता. सांगायला काय जातं! आता मात्र जायची वेळ आली होती, आणि गृहस्थांचा सगळा पैसा इथे तिथे अडकलेला. खात्यात जेमतेम घरखर्चापुरते. हिस्सा कापला गेला तर या वर्षी ऑफिसात मिळणारी भागीदारी हातची जाणार होती.

संध्याकाळी ते बायकोच्या मागेपुढे घोटाळू लागले.

"अगं, तुझ्या बचत खात्यातले ते पैसे..."

"कुठले? 'पैसा झोपवून ठेवलायस, पैसा झोपवून ठेवलायस' म्हणून माझं डोकं कोणी खाल्लं? उठवला मी."

"कुठे घातलास?"

"बाबांकडे दिले. त्यांनी स्वतःच्या पैशांबरोबर तुझ्याच फंडात घातले, मागची नोटीस आली तेव्हा. म्हटलं, तुला बरं वाटेल!"

नोटीसवाल्यांना कसं वाटलं हे न विचारलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी ते सासऱ्यांच्या दवाखान्यात गेले. सासरे दातांचे डॉक्टर. कुणाची तरी दाढ उपटून हात धुवत होते.

"या या, जावईबापू! तुम्हालाच फोन करणार होतो. थोडे पैसे मिळतील का हो? तुमची नोटीस आलीय. काय ती कडक भाषा! वाचूनच माझं बीपी वाढलं."

"बघतो, बाबा," असं पुटपुटत नोटीसवाले आल्या पावली परतले.

मित्र झाले, मेहुणा झाला. सगळीकडे तीच रड, कारण एकेकाला गळ घालून फंडात ओढलं होतं ते यांनीच. शेवटी गुरुवारी सकाळी ते देवाचं नाव घेत साहेबांच्या केबिनमध्ये शिरले.

"साहेब, माझ्याकडे पैसे नाहीत."

साहेब उठले आणि त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं.

"अहो, देवासारखे आलात!" साहेब कुजबुजले. "माझ्याकडेही नाहीत. सगळे नव्या बंगल्यात गेले. कुणीतरी आधी तोंड उघडेल म्हणून वाट बघतोय."

लगेच नवी नोटीस निघाली: गुंतवणूकदारांच्या सोयीसाठी मुदत महिनाभर वाढवत आहोत, सर्वांनी संमती कळवावी. एकाची जरी संमती नसली, तरी जुनीच मुदत कायम. दुपारपर्यंत संमत्यांचा पाऊस पडला. काहींनी तर आभारही मानले. एकट्या सासऱ्यांचं उत्तर तेवढं राहिलं होतं.

नोटीसवाल्यांनी शीळ घालतच फोन लावला. "बाबा, संमती तेवढी पाठवून द्या. आता महिनाभर निवांत!"

"कसला निवांत! मी कालच भरले. दवाखान्यातली खुर्ची विकली मी, तीही मिळेल त्या भावाला. पेशंट स्टुलावर बसून तोंड उघडतायत."

"अरेरे! बाबा, थोडं थांबायचंत ना..."

"तुमच्या त्या कलमाने झोप उडवली होती माझी, थांबतो कसला? आत्ताही तेच वाचत बसलोय. काय हो, माझ्याशिवाय आणखी कुणी भरलेत का?"

नोटीसवाल्यांची शीळ केव्हाच बंद झाली होती. "नाही, बाबा."

"तुमच्या साहेबांनी?"

"नाही."

"तुम्ही?"

"...नाही."

"म्हणजे उद्यापर्यंत मी नुसता गप्प बसलो, तर सगळ्यांचा अर्धा अर्धा हिस्सा माझा?"

"बाबा, असं काय करता! मी तुमचा जावई आहे!"

"आहातच. आणि कलम काय झकास लिहिलंय हो तुम्ही!" सासरे मनापासून म्हणाले. "बरं, ठेवू? स्टुलावरचा पेशंट खोळंबलाय."