वर्दळ : निरंक

गुरुवारी संध्याकाळी, एका बुटाची नाडी सोडून झालेली आणि दुसऱ्यापर्यंत वाकायचं त्राण उरलेलं नाही, अशा अवस्थेत तपशीलरावांनी निर्णय घेतला. (दमलेल्या माणसाने निर्णय घ्यायचाच असेल तर निदान दोन्ही बूट निघेपर्यंत थांबावं. पण एवढा धीर कुणाला असतो?)

"रविवारी आपण सायकलींवरून जायचं," ते म्हणाले. "नदीच्या खोऱ्यातून. मोकळं माळरान, खडीचा रस्ता आणि गाडी म्हणून एक नाही."

बायको सोफ्यावर डोळे मिटून पडली होती. पाणीपुरवठ्याच्या तक्रारी घेणाऱ्या फोनवर तिची नोकरी. दिवसाला दीडशे माणसं तिच्या कानात ओरडायची, आणि घरी आली की खिडकीखालच्या चौकातले हॉर्न सुरू व्हायचे.

"आवाज नाही ना?" तिने डोळे न उघडता विचारलं.

"मुळीच नाही."

"कशावरून?"

"लेखी आहे," तपशीलराव म्हणाले.

तपशीलराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. रस्ते खात्यात ते हेडक्लार्क होते, आणि कुणी नुसतं किती वाजले विचारलं तरी घड्याळ कुठून घेतलं, कधी घेतलं आणि ते रोज किती मिनिटं पुढे पळतं इथपासून सुरुवात करायचे. उत्तर येईपर्यंत विचारणाऱ्याची वेळ टळून गेलेली असायची. हे नाव ऑफिसने ठेवलं आणि घराने ते बिनविरोध मान्य केलं.

या रविवारावर बरंच काही अवलंबून होतं. बायकोला तीन वर्षांनी आठ दिवसांची रजा मंजूर झाली होती. तिच्या थोरल्या बहिणीने बोलावलं होतं. बहीण एकटी राहायची, डोंगराच्या पायथ्याला, आणि तिच्याकडे साधा टीव्हीसुद्धा नव्हता. "ताईला रविवारपर्यंत कळवते," एवढंच बायको म्हणाली होती. ते आठ दिवस तिने आपल्याबरोबर काढावेत असं तपशीलरावांना फार वाटत होतं. बावीस वर्षांच्या संसारात दोघांनी एकमेकांना नीट पाहिलं होतं ते बहुतेक जांभया देतानाच. पण "राहा ना गं माझ्याबरोबर" हे चार शब्द काही तोंडातून फुटेनात, म्हणून त्यांनी रस्ता शोधायला घेतला.

रस्ता ऑफिसातच सापडला. खात्याच्या रस्ता नोंदवहीत, पान एकशे चौदा: लांबी बावीस किलोमीटर, नदीकाठाने, पृष्ठभाग: खडी, वाहनांची रोजची वर्दळ: निरंक, म्हणजे शून्य. तो 'निरंक' शब्द वाचून तपशीलरावांचा जीव भांड्यात पडला. सबंध नोंदवहीत एवढा शांत शब्द दुसरा नव्हता.

शनिवारी ते सायकलवाल्याकडे गेले.

"ही ग्रॅव्हल बाईक," सायकलवाला म्हणाला. "खडीवर चालते."

"खडी कुठली? बारीक की जाड? आमच्याकडे तीन प्रकार आहेत."

"सगळ्या चालतील साहेब."

"आणि ही सीट आहे, की सीटचा नमुना?"

"सीटच आहे. सवय होते."

"किती दिवसांत?"

सायकलवाल्याने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत, विशेषतः मधोमध, पाहिलं आणि हवा भरायला घेतली.

रविवारी सकाळी सातला त्यांनी गाव मागे टाकलं. गोदामांच्या मागून रस्ता वळला, डांबर संपलं, चाकाखाली खडी कुरकुरायला लागली आणि हॉर्न एकदम बंद झाले. खरोखर बंद झाले! डाव्या हाताला नदी, उजवीकडे गवताचे उतार, आणि पुढे नजर जाईल तिथवर कुणी नाही. बायकोने एक लांब श्वास घेतला. तो ऐकून तपशीलरावांना इतका आनंद झाला की त्यांनी लगेच माहिती द्यायला सुरुवात केली.

"या वळणाची त्रिज्या बघ. मुद्दाम ठेवलीय. का ते सांगतो."

"हं."

"आणि ही रस्त्याखालची मोरी. पाइपाची आहे. स्लॅबची प्रस्तावित होती, पण त्याचं काय झालं..."

"हं."

मोरीचं काय झालं ते आठव्या किलोमीटरपर्यंत चाललं. पुढे चढ लागला तेव्हा मात्र त्यांच्या बोलण्यात मोकळ्या जागा पडू लागल्या. गुडघे वेगळं बोलत होते, कंबर वेगळं, आणि त्या नमुन्यावर बसलेल्या भागाने तर केव्हाच असहकार पुकारला होता. आठवडाभराची फायलींची दमणूक आणि ही दमणूक यांची अंगात कुठेतरी गाठ पडली. बायको पुढे गेली. उतार आला की ती ब्रेकला हात न लावता सायकल सोडून द्यायची, आणि तपशीलराव मागून दोन्ही ब्रेक आवळून देवाचं नाव घेत यायचे.

दहाच्या सुमाराला रस्ता थेट नदीत गेला.

म्हणजे पुलावर जायचा तो नदीत गेला. पूल नव्हता. अलीकडे एक दगडी खांब, पलीकडे तसलाच एक, आणि मध्ये पाणी निवांत वाहत होतं. शेजारी एक म्हातारा मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकून उभा होता.

"बाबा, पूल कुठाय?" तपशीलरावांनी विचारलं.

"गेला."

"कधी?"

"धाकट्याचं लग्न झालं त्या पावसाळ्यात. त्या धाकट्याची पोरगी आता चौथीत आहे."

"अहो, पण नोंदवहीत रस्ता आहे! गेल्या मार्चपर्यंतची नोंद आहे. वर्दळ निरंक!"

"मग बरोबरच लिवलंय की," म्हातारा म्हणाला. "गाड्या काय पोहत येणार?"

बायको सायकलवरून उतरली. तिने फोनवरचा आवाज लावला. दहा वर्षांत त्या आवाजाने भलेभले तक्रारदार गार केले होते.

"हे निरंक कुणी लिहिलं?"

"त्याचं असं आहे," तपशीलराव म्हणाले, "दर वर्षी प्रत्येक विभागाला वर्दळ मोजणीचे तक्ते जातात. त्यातले काही परत येतात, काही येत नाहीत. मार्चअखेर रकाना रिकामा ठेवता येत नाही. म्हणून मग जिथे तक्ता आला नाही तिथे..."

"तिथे निरंक. कोण लिहितं?"

"हेडक्लार्क," तपशीलराव नदीकडे बघत म्हणाले.

"म्हणजे गाड्या नाहीत म्हणून निरंक, की कुणी मोजल्याच नाहीत म्हणून निरंक?"

"दोन्हीला एकच शब्द आहे गं."

मेंढपाळाला हे सगळं इतकं आवडलं की तो खाली बसला.

आता शहाणा माणूस परत फिरला असता. पण तपशीलरावांच्या डोळ्यांसमोर ताईचं टीव्ही नसलेलं घर आलं आणि त्यांच्या अंगात वीरश्री संचारली. मेंढ्या जिथून उतरतात तिथून पाणी गुडघाभरच आहे असं म्हातारा म्हणाला. (कुणाच्या गुडघ्याएवढं, हे त्यांनी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तपशील विचारला नाही आणि नेमका तिथे नडला.) त्यांनी आधी तिची सायकल खांद्यावर घेऊन पलीकडे पोचवली, मग परत येऊन आपली उचलली. मध्यावर एक गुळगुळीत दगड पायाखालून सटकला आणि ते पाण्यात बसले. पाठीवरच्या पिशवीतला ब्रेड आणि उकडलेली अंडी त्यांच्या आधी पलीकडच्या काठाला लागली.

"लागलं का हो?" बायकोने विचारलं.

"नाही," ते म्हणाले. लागलं होतं, पण नेमकं तिथे सीटने आधीच बधिर केलेलं असल्यामुळे फरक कळत नव्हता.

काठावर एक मोठं झाड होतं. "पाच मिनिटं टेकतो," ते म्हणाले, "मग पुढच्या आठ किलोमीटरचं सांगतो."

त्यांनी डोळे उघडले तेव्हा अंगावरचा शर्ट वाळला होता आणि झाडाची सावली दुसऱ्या बाजूला गेली होती. बायको पाण्यात पाय सोडून बसली होती. चेहऱ्यावर राग नाही, कुरकुर नाही, काहीच नाही. ते बघून तपशीलराव धडपडत उठून बसले. बायको ओरडली तर संसार शाबूत असतो. ती अशी शांत झाली म्हणजे ताईकडे जायची बॅग मनातल्या मनात भरून झाली.

"परत फिरू या का?" त्यांनी पडलेल्या आवाजात विचारलं.

"फिरू," ती म्हणाली आणि हसली.

परतताना मेंढपाळाने त्यांची सायकल स्वतःच उचलून पलीकडे आणून दिली. तपशीलराव सबंध रस्ताभर गप्प राहिले. अपराधी वाटत होतं हे खरं, आणि तोंड उघडलं की त्यातून फक्त 'आई गं' निघत होतं हेही खरं.

संध्याकाळी ते दोन उशा एकावर एक ठेवून त्यांवर बेताने बसले. खाली चौकात हॉर्न जोरात होते. बायकोने फोन उचलला.

"ताई, मी नाही येत गं. हो, आठही दिवस. नाही, घरी कशाला? आम्ही दोघं सायकलींवरून जाणार आहोत. हो, ह्यांच्याबरोबरच!"

तपशीलरावांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलं नाही, कारण हात वर होत नव्हता.

"तुला खरंच आवडलं?" तिने फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं. "पूल नव्हता, ब्रेड भिजला, मी पाण्यात पडलो. तरी?"

"तीन वर्षांत इतकं निवांत वाटलं नव्हतं हो. विशेषतः अकरा ते दोन."

त्यांनी आठवून पाहिलं. दहाला नदी, मग म्हातारा, मग ओलांडणं. अकरा ते दोन या रकान्यात काहीच बसेना.

"अकरा ते दोन आपण काय करत होतो?"

"मी पाण्यात पाय सोडून बसले होते," बायको म्हणाली, "आणि तुम्ही झोपला होतात."

तपशीलराव यावर सविस्तर बोलणार होते, पण तिने प्रेमाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"आता आठही दिवस असंच करू," ती म्हणाली. "फक्त सकाळी चढ जरा जास्त घेऊ, म्हणजे तुम्ही नऊलाच झोपाल."