डोळे मिटण्याची सवलत

एका जंगलात, मुलांनो, एक साळिंदर राहत होतं. जंगल नक्की कुठलं, ते आता मला खात्रीनं सांगता येत नाही. वडाचं झाड होतं की पिंपळाचं, यातही गोंधळ होतो. साळिंदर मात्र पक्कं आठवतं, कारण ते मीच होतो.

मी फार शिकलेला होतो. आधी तर्कशास्त्र शिकलो, मग त्यावरच्या शंका शिकलो. पुढे तर्कशास्त्र विसरलो आणि शंका तेवढ्या उरल्या. बिळातून बाहेर पडताना आधी कोणता पाय टाकावा, या विचारात माझी दुपार जायची.

माझी धाकटी बहीण वेणू डोंगरापलीकडे, पैलडोंगर गावात राहायची. कैक वर्षांत मी भाऊबीजेला गेलो नव्हतो. यंदा तिनं पोपटाकडून निरोप धाडला.

"दादा, या खेपेला आला नाहीस तर मी चंद्रालाच ओवाळीन आणि त्यालाच भाऊ मानीन. तो निदान दिसतो तरी."

मी घाबरलो. बिजेची कोर सूर्यामागोमाग मावळते. त्याआधी पोचायला हवं होतं. खिंडीतून चालत गेलं तर सकाळी निघून दुपारी पोचता येतं. पण खिंडीत तरस असतं, असं मी वाचलं होतं.

तेवढ्यात करकोच्यांनी दवंडी पिटली : पैलडोंगर, टोपलीतून उडत, फक्त एका काट्यात.

आमच्या जंगलात साळिंदराचा काटा हेच चलन होतं. माझ्या पाठीवर तर खजिनाच होता. भाऊबीजेच्या सकाळी मी फराळाचा डबा घेऊन निघालो.

खडकावर कावळा बसला होता. तो प्रवाशांची नोंद घ्यायचा.

"काका, बसून जाणार की उभ्यानं?"

"उभ्यानं कोण उडतं?"

"एका काट्यात सगळे उभेच. बसायचे वेगळे."

"बसतो."

त्यानं माझ्या पाठीवरून काटे उपटले. "शेपूट टोपलीच्या आत ठेवणार?"

"बाहेर ठेवून काय करू?"

"तसं काही जण ठेवतात." त्यानं आणखी उपटले. "डबा हातात नेणार की पोटात?"

"फरक काय?"

"हातातल्या डब्याला आकार आहे. पोटातल्याला नाही."

इथे माझं शिक्षण कामी आलं. वेणूसाठी केलेल्या सगळ्या करंज्या मी तिथंच उभ्या उभ्या खाल्ल्या. कावळ्यानं शांतपणे पाहिलं आणि मग माझं वजन केलं.

"जड आहात, काका."

जादा वजनाचे काटे गेले. मग टोकदार वस्तू टोपलीत चालत नाहीत, असं कळलं. उरलेलेही गेले.

"आता शेवटचं," कावळा म्हणाला. "डोळे उघडे ठेवले तर दृश्याचा आकार पडतो. मिटून बसलात तर सवलत. एक काटा परत."

मी ताबडतोब डोळे मिटले. त्यानं काटा हातावर ठेवला. टोकदार वस्तू चालत नाहीत ना, असं मी विचारणार होतो. पण शहाणा माणूस सवलतीला प्रश्न विचारत नाही. ओवाळणीच्या ताटात घालायला तेवढा एकच काटा उरला होता.

टोपली भरल्याशिवाय उडत नव्हती. दोन ससे आले, तेही सवलतवाले, तेव्हा दुपार झाली. मग वारा लागला. करंज्या घशाशी आल्या. मी डोळे उघडले नाहीत. अटी मी कसोशीनं पाळतो.

टोपली टेकली.

"पैलडोंगर," करकोचा म्हणाला.

मी डोळे उघडले. समोर कळकाचं बेट आणि त्यामागे डोंगर. "गाव कुठाय?"

"हा गावाचा थांबा. गाव डोंगरापलीकडे. खिंडीतून जा."

कळकाचं बेट ओळखीचं वाटलं. पण सगळीच कळकाची बेटं सारखी असतात, असं अनुमान मी काढलं आणि पळत सुटलो.

खिंडीत तरस भेटलं. एवढा मोठा उघडाबोडका उंदीर त्यानं कधी पाहिला नसावा. काहीतरी रोग असेल, अशा नजरेनं बघत त्यानं वाट सोडली.

पैलडोंगरला पोचलो तेव्हा सूर्य बुडाला होता. वेणू बिळाच्या तोंडाशी ताट घेऊन उभी होती, तोंड पश्चिमेला. झाडांच्या शेंड्यावर चंद्राची कोर टेकली होती.

"वेणू, थांब!"

ती वळली. "कोण रे तू उंदरा?"

"अगं, मी दादा."

"माझ्या दादाला काटे आहेत."

मी मूठ उघडली. "हा बघ. एक."

तिनं काटा पाहिला, मग मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. तेवढ्यात कोर झाडांआड गेली.

"चंद्राला ओवाळून झालं माझं," ती म्हणाली.

मी मान खाली घातली.

"पण त्यानं ताटात काही टाकलं नाही. मेला तुझ्याच वळणावर गेलाय. बस पाटावर, निरांजन अजून आहे." ओवाळता ओवाळता तिनं विचारलं, "फराळाचं काही आणलंस?"

"आणलंय. पोटात आहे."

"आणि चालत का नाही आलास रे?"

"वेळ वाचावा म्हणून."

तात्पर्य : मुलांनो, प्रवास नेहमी सगळ्यात स्वस्त भाड्यानं करावा, आणि डोळे मिटून करावा. डोळे उघडे ठेवले तर पश्चात्ताप वाटेतच उरकतो. मिटले तर तो म्हातारपणी पुरतो. मला पुरला. पुष्कळ वर्षांनी एका निवृत्त करकोच्याला गाठून मी खात्री करून घेतली. त्या दुपारी टोपलीनं आभाळात एक मोठी गोल फेरी मारली होती, आणि पैलडोंगरचा तो थांबा माझ्याच बिळाच्या मागं होता.